मेहुणा विकणे आहे

माणसानं आयुष्यात काय वाटेल ते विकावं, पण बायकोचा भाऊ विकायला काढू नये. एक तर त्याला गिऱ्हाईक मिळत नाही, आणि मिळालंच तर आपल्याला घरी जेवायला मिळत नाही. थिसल लेक गावच्या मर्विन डूसिकला ही अक्कल आली, पण मेहुणा विकून झाल्यावर.

मर्विन तसा पापभीरू माणूस. गारपिटीचा विमा विकायचा. सस्कॅचेवानच्या त्या सपाट मुलखात शेतकरी आभाळाकडं बघायचे आणि मर्विन शेतकऱ्यांकडं बघायचा, असा त्याचा धंदा. गारा पडल्या की भरपाई कमी मिळाली म्हणून लोक शिव्या द्यायचे, नाही पडल्या की हप्ता फुकट गेला म्हणून द्यायचे. घरी डार्लीनपुढं त्याचं काही चालत नसे. कुत्रासुद्धा हाक मारल्यावर आधी डार्लीनकडं बघायचा. साऱ्या जगात एकच जागा अशी होती, जिथं मर्विन बोलायला उभा राहिला की बाकीचे गप्प बसत. ती म्हणजे गावच्या बर्फाच्या रिंकवरची 'बॅजर्स' संघाची खोली. मर्विन बॅजर्सचा मॅनेजर होता. खेळाडूही होता, पण ते कुणाच्या लक्षात यायचं नाही. पुढं ते त्याच्याही लक्षात आलं नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

आता त्या पगारमर्यादेचं सांगायला हवं, त्याशिवाय गाडी पुढं जायची नाही. गावात बर्फावरच्या, चेंडूऐवजी चकतीनं खेळायच्या हॉकीचे हौशी संघ तीन. बॅजर्स, मस्टँग्ज आणि ऑटर्स. पूर्वी एका ट्रॅक्टरवाल्यानं टायरवर सूट देऊन गावातले सगळे धड पायाचे लोक आपल्या संघात ओढले होते. सामने एकोणीस-शून्य असे व्हायचे आणि प्रेक्षक उबेला म्हणून येऊन झोपायचे. तेव्हा गावसभेनं ठरवलं, की प्रत्येक खेळाडूची एक ते पंधरा अशी किंमत लावायची आणि कुठल्याही संघाची बेरीज शंभरावर जाऊ द्यायची नाही. ह्या किमतीला सगळे 'पगार' म्हणत. आता पगार कसला! मिळायचा कुणालाच नाही. उलट बर्फाचं भाडं ज्याचं त्यानं भरायचं. पण रिंकच्या भिंतीवर प्रत्येकाच्या नावापुढं आकडा लागला, आणि गावाची शांती गेली ती गेलीच. पाचाचा माणूस सहाच्या माणसाला आधी 'गुड मॉर्निंग' म्हणेना. साताच्या बायका किराणा दुकानात तीनाच्या बायकांना "तुमच्या ह्यांचं कसं चाललंय?" असं मुद्दाम विचारू लागल्या.

हिशेब ठेवायला फिंडलेबाई होत्या. शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. गावातल्या प्रत्येक खेळाडूला कधी ना कधी त्यांनी वर्गाबाहेर उभं केलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढं कुणाचा आवाज चढत नसे.

तर झालं असं, की ऐन डिसेंबरात बॅजर्सचा गोलकीपर तेलविहिरीवर नोकरी लागली म्हणून अल्बर्टाला निघून गेला. गेला तो गेला, पण त्याचा आकडा इथंच राहिला. नियमच तसा होता. संघातून गेलेल्या माणसाची किंमत हंगाम संपेपर्यंत संघाच्या बोकांडी बसायची, म्हणजे कुणी उठसूट माणसं हाकलू नयेत; दुसऱ्या संघानं घेतला तरच आकडा त्याच्याबरोबर जायचा. हा नियम गावसभेत मर्विननंच सुचवला होता, आणि तेव्हा टाळ्याही मिळवल्या होत्या.

गोलात मग गावचा बेकर उभा केला. त्याला चकती दिसली की डोळे मिटायची सवय. पहिला सामना अकरा-शून्य, दुसरा तेरा-शून्य. फिंडलेबाईंनी निरोप धाडला, की महिनाअखेर धड गोलकीपर आला नाही तर बॅजर्स मोडायचा आणि त्याचे खेळाडू इतर दोघांत वाटून टाकायचे. मर्विनच्या पायाखालचा बर्फ सरकला. बॅजर्स मोडला, म्हणजे तो पुन्हा नुसता विमेवाला!

उपाय अख्ख्या गावाला ठाऊक होता. पोस्टातली नोरीन. ही बाई गोलात उभी राहिली की चकती परत पाठवायची, पत्ता चुकलेल्या पाकिटासारखी. ती होती मस्टँग्जमध्ये, आणि मस्टँग्जकडं गोलकीपर दोन, त्यामुळं बिचारी बाकावर बसून स्वेटर विणायची. पण तिची किंमत पंधरा. आणि बॅजर्समध्ये एवढ्या तोलाचा माणूस एकच. चौदाचा. ऑरेस्ट. डार्लीनचा थोरला भाऊ.

"मग वीक की ऑरेस्टला!" कॉफीच्या टेबलावर एकजण म्हणाला. रोज सकाळी, थंडीनं इंजिन गोठू नये म्हणून गाड्यांच्या वायरी भिंतीतल्या प्लगला लावून तिथं आठ-दहा मंडळी बसत आणि साऱ्या जगाला सल्ले देत.

"चौदाचा माणूस तो," मर्विन म्हणाला.

"चौदाचा होता. ज्या वर्षी आकडे लागले त्या वर्षी. आता त्याला वळायचं असलं तर आदल्या दिवशी सांगावं लागतं."

"आणि घेणार कोण?"

"ते तुझं काम. तू विकण्यातलाच ना? गारा विकतोस, मेहुणा विकणं काय अवघड?"

मर्विनला ते टोचलं, पण बोलण्यात तथ्य वाटलं. तो मस्टँग्जच्या मॅनेजरकडं गेला. हा वेंडेल मॅकाय. नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी चालवायचा. वेंडेलनं सगळं ऐकून घेतलं आणि गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नाही.

"नोरीन देतो," तो म्हणाला. "पण ऑरेस्ट नको. चौदाला तर नकोच नको. चौदात मला दोन माणसं येतात, आणि दोघांचेही गुडघे वाकतात."

"कमी केला तर?"

"आठाला आण, मग बघू."

किंमत कमी करता येत होती, पण खेळाडूनं स्वतः येऊन सही केली तरच. मर्विन ऑरेस्टच्या गॅरेजमध्ये गेला. आधी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या, मग स्नोमोबाईलची स्तुती केली, आणि शेवटी अगदी सहज सुचल्यासारखं म्हणाला, "ऑरेस्ट, आकड्यात काय असतं रे?"

ऑरेस्टनं हातातला पाना खाली ठेवला. "काय म्हणायचंय तुला?"

"नाही, म्हणजे समजा, चौदाच्या जागी आठ असते, तर तू काही कमी ऑरेस्ट होतोस का?"

एरवी ऑरेस्ट त्याला नावानं हाक मारी. तापला की भावोजी म्हणे. "भावोजी," तो म्हणाला, "त्या भिंतीवर माझं नाव आहे आणि त्याच्यापुढं चौदा आहे. माझे केस गेले. माझी बायको गेली, ती सास्काटूनला त्या गालिचेवाल्याबरोबर राहते. दोन्ही गुडघ्यांत लोखंड आहे. पण भिंतीवर चौदा आहे! मी रोज सकाळी जाऊन बघून येतो. आठ म्हणालास ते एकदा म्हणालास. आता दाराबाहेर हो, आणि दार लावून घे, ऊब जातेय."

मर्विन बाहेर आला तेव्हा उणे तीस होतं, तरी त्याचे कान गरम झाले होते.

शेवटी तोड निघाली ती ऑटर्सकडून. ऑटर्सचा मॅनेजर अँब्रोज फेअर हा गावचा अंत्यविधीवाला. बोलायचा हळू, चालायचा हळू, आणि समोरच्याला नकळत नखशिखांत मापून घ्यायचा. त्यानं विचारलं, "ऑरेस्ट आला, की त्याच्या आईच्या पिरोगीही येणार ना?"

मर्विनची सासू दर सामन्याला भला मोठा डबा भरून पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, पाठवायची. बटाट्याचं सारण, वर लोण्यात परतलेला कांदा. सामना तेरा-शून्यनं हरलेले बॅजर्सही त्या डब्यापुढं हसतमुख दिसायचे.

"डबा लेकासाठी असतो," मर्विन प्रामाणिकपणे म्हणाला. "लेक जिथं, तिथं डबा."

"मग चौदा जास्त नाहीत," अँब्रोज म्हणाला.

असा तिकोनी सौदा ठरला. ऑरेस्ट ऑटर्सकडं. ऑटर्सचा दातांचा डॉक्टर लालिबेर्ते, किंमत चौदाच पण गुडघे वाकणारे, तो मस्टँग्जकडं. आणि मस्टँग्जची नोरीन बॅजर्सकडं. मर्विननं बेरीज मांडली. चौदाचा जाऊन पंधराची येते, म्हणजे एक वाढतो. आणि बॅजर्सची बेरीज होती नव्व्याण्णव. बरोब्बर शंभर! त्याला स्वतःचाच हेवा वाटला. शुक्रवारी संध्याकाळी तिन्ही मॅनेजर रिंकच्या मधोमध उभे राहिले आणि हातमोजे काढून त्यांनी हात मिळवले. थिसल लेकमध्ये मोजे काढून मधोमध हात मिळवला की सौदा पक्का. मग परमेश्वर आला तरी मागं फिरायचं नाही.

फक्त एक गोष्ट राहून गेली. ऑरेस्टला सांगायची. 'उद्या सांगू, निवांत,' असं मर्विन म्हणाला, आणि ऑरेस्टला ती बातमी किराणा दुकानात अंड्यांच्या रांगेत मिळाली.

"तू माझा भाऊ विकलास?" घरी डार्लीन दारातच उभी.

"विकला नाही गं, अदलाबदल केली."

"कशाच्या बदल्यात?"

"नोरीनच्या."

"म्हणजे माझा भाऊ देऊन पोस्टातली बाई आणलीस! आणि हे तू तोंडानं सांगतोयस!"

तोंड पुढं बराच वेळ कामाला आलं नाही, कारण जेवणच नव्हतं. मर्विननं कपाटातली टॉफी चावली आणि दाढेतलं सिमेंट निघालं. गावात दातांचा डॉक्टर एकच. सकाळी त्यानं मर्विनला खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा, कापूस आणि नळी घातली आणि मग निवांत विचारलं, "मला विचारलंत का?"

"आँ," मर्विन म्हणाला.

"ऑटर्समध्ये माझे साडू आहेत, माझा मुलगा आहे. मस्टँग्जमध्ये मी कुणाशी बोलू? त्या वेंडेलशी? तो दात घासत नाही. मोठं उघडा. विचारलंत का?"

"आँ आँ."

"हेच म्हणतोय मी," असं म्हणून डॉक्टरनं यंत्र सुरू केलं.

गाल सुजवून मर्विन कागद घेऊन फिंडलेबाईंकडं गेला. ही नुसती शिक्क्याची औपचारिकता, असा त्याचा समज. बाईंनी चष्मा लावला, लाल पेन उघडलं आणि म्हणाल्या, "मोठ्यानं बेरीज कर."

मर्विननं केली. अल्बर्टाला गेलेला गोलकीपर धरला, बेकर धरला, नोरीन धरली, सगळे धरले. "शंभर, बाई."

"कोण राहिलं?"

"कोणी नाही."

"दाराशी आरसा आहे. बघून ये."

मर्विन गेला. आरशात सुजक्या गालाचा एक माणूस होता. त्याला बघताच मर्विनला रिंकवरची यादी आठवली. भिंतीवरच्या यादीत अगदी तळाशी, आग विझवायच्या नळकांड्याच्या मागं, 'डूसिक, एम.' असं नाव होतं आणि त्यापुढं एक होता. नावं लिहून घेताना त्यानं सगळ्या संघाला मोजलं आणि मोजणाऱ्यालाच विसरला. दहाजण नदी उतरले आणि प्रत्येकजण नऊच मोजतो, त्यातली गत!

"एकशेएक," बाई म्हणाल्या. "दुसरीतही तू हेच करायचास. उद्या दुपारी बारापर्यंत बेरीज शंभरात बसव. नाहीतर बॅजर्स बाद."

"बाई, मीच खेळणं सोडतो. मला काढून टाका."

"काढलं तरी तुझा एक तिथंच राहतो. गेलेल्याची किंमत संघावर. नियम कुणी सुचवला होता?"

मर्विनला त्या टाळ्या आठवल्या.

त्या संध्याकाळी बॅजर्सच्या खोलीत तो बाकावर चढून बोलला. एक, फक्त एक अंक हवाय. कुणीतरी सहाचे पाच करा, पाचाचे चार करा, संघ वाचेल. नेहमीसारखे सगळे गप्प बसले. मर्विनला तो आजवर आदर वाटत आला होता. आज नीट बघितलं, तर जो तो वाकून बुटाच्या नाड्या बांधत होता.

"माझे पाच आहेत," अखेर बेकर म्हणाला. "चार झाले तर माझ्या भावाच्या बरोबरीला येईन. तो पाव विकत घेतो, मी बनवतो. असं चालेल का?"

"मग मला दुसऱ्या संघात द्या," मर्विन म्हणाला. त्याला वाटलं, आता तरी कुणी हाताला धरून 'छे छे' म्हणेल. पण बहुतेकांना तो तोडगा चांगला वाटला.

तो वेंडेलकडं गेला. मस्टँग्जची बेरीज आता नव्व्याण्णव होती. एकाची जागा होती. जागा होती, नि मर्विनची किंमत तेवढीच होती. योग म्हणतात तो हाच.

वेंडेलनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "एकाची जागा आहे खरी," तो म्हणाला. "पण म्हटलं, रिकामी बरी."

मर्विन पायीच घरी निघाला. वेंडेलची गाडी मागून आली, रस्ता साफ करत पुढं गेली, आणि सगळा बर्फ बरोबर मर्विनच्या घरापुढच्या गाडीवाटेच्या तोंडाशी छातीइतका रचून गेली. त्याला रडू यायचं बाकी राहिलं. वीस वर्षं इतरांच्या आकड्यांची घासाघीस केली होती त्यानं. ह्याला दोन वाढव, त्याला एक घाल, हा महाग, तो स्वस्त. स्वतःची किंमत करायची वेळ आली तेव्हा फुकटातही कुणी घेईना. ऑटर्स राहिले होते, पण त्यांची बेरीज ऑरेस्टला धरून काठोकाठ शंभर होती. आणि तिथं जाऊन ऑरेस्टच्या तोंडाकडं बघायचं कसं?

दुसऱ्या दिवशी बाराला थोडा अवकाश असताना तो फिंडलेबाईंच्या स्वयंपाकघरात बसला होता. हरल्याचं सांगायला आला होता. बाईंनी चहा ओतला आणि प्रथमच काही विचारलं नाही. तेवढ्यात मागचं दार उघडलं. दारात बुटांचा बर्फ झाडत ऑरेस्ट. त्याच्यामागं अँब्रोज, हॅट हातात धरून, कुणाच्या घरी गेलं की त्याची तीच पद्धत.

ऑरेस्टनं मर्विनकडं बघितलंही नाही. "बाई, माझ्यातला एक काढा," तो म्हणाला.

"कशातला?"

"चौदातला. तेरा करा. आणि तो एक ह्याला द्या. हा ऑटर्समध्ये येतोय. अँब्रोज तयार आहे."

"तयार म्हणजे, पिरोगी वाटून खायच्या असं ठरलंय," अँब्रोज हळूच म्हणाला. "त्याला कमी."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "ऑरेस्ट, विचार केलास ना? एकदा उतरवला की वाढवून मिळायचा नाही. भिंतीवर तेरा लागेल."

ऑरेस्टनं खिडकीतून रिंकच्या दिशेनं बघितलं. "लावा," तो म्हणाला, आणि सही करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटायचा राहिला.

मर्विनला लाज वाटली. खरीखुरी, पोटातून. "ऑरेस्ट," तो म्हणाला, "मी तुला विकलं रे. आणि सांगितलंही नाही."

"नाही सांगितलंस. अंड्यांच्या रांगेत कळलं मला. डझनभर अंडी हातात होती, तू समोर असतास तर सगळी वाया गेली असती." ऑरेस्ट खुर्चीत बसला तसे दोन्ही गुडघे करकरले. "पण विकलंस ते चौदाला विकलंस. पुऱ्या भावात. माझं वय झालं, गुडघे गेले, हे गावाला ठाऊक आहे, तरी तू मला चौदाला खपवलंस. ह्या जन्मात मला असा दुसरा विक्रेता मिळणार नाही. असा माणूस रस्त्यावर सोडायचा का?"

ते पिरोगीमुळं खपलं, हे सांगायचं मर्विनच्या अगदी जिभेवर आलं होतं. अँब्रोजनं टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली, आणि मर्विननं चहा घेतला.

पहिलाच सामना बॅजर्सविरुद्ध पडला. नोरीननं गोलाचं दार जे लावून घेतलं, ते उघडलंच नाही. ऑटर्स सहा-शून्यनं हरले. पहिल्यांदा तिनं चकती अडवली तेव्हा मर्विन उठून टाळ्या वाजवू लागला. ऑरेस्टनं त्याला कॉलर धरून खाली बसवलं आणि आपण कुठल्या संघात आहोत ते सांगितलं. पलीकडं बॅजर्सच्या बाकापुढं बेकर मॅनेजर म्हणून उभा राहून बोलत होता, आणि बाकीचे गप्प बसून नाड्या बांधत होते. मर्विननं ते पाहिलं, आणि त्याला वाटलं होतं तेवढं काही दुखलं नाही. डार्लीन वरच्या बाकांवर आईशेजारी बसली होती आणि दोघी कुणाकडं तरी बघून हसत होत्या. बहुधा त्याच्याचकडं.

सामना संपल्यावर वेंडेल भिंतीपाशी उभा होता, नवा आकडा वाचत. ऑरेस्ट आणि मर्विन बॅगा ओढत तिथून चालले तसा तो ओरडला, "काय रे ऑरेस्ट, तेराला यायचं होतं तर आधी बोलायचंस! तेराला मीसुद्धा तुला घेतलं असतं!"

ऑरेस्ट थांबला. वळायला त्याला वेळ लागला, पण वळला.

"बाहेरच्यांना मी चौदालाच आहे," तो म्हणाला. "तेरा हा घरच्यांचा भाव."